वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे: जगातल्या सगळ्यात छोट्या विमानप्रवासाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही बेटं नक्की आहेत कुठे?

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्या वर समुद्रात ऑर्कनी नावाचा बेटांचा समूह आहे, त्यातली अगदी उत्तरेकडची ही दोन बेटं. वेस्ट्रे जरा मोठं आणि त्याच्या पूर्वेला चिकटून असल्यासारखं दिसणारं छोटं ते पापा वेस्ट्रे, तिथले लोक त्याला नुसतं पापे म्हणतात. ऑर्कनीचं मुख्य गाव कर्कवॉल, मोठा विमानतळही तिथेच. २०११ च्या जनगणनेत वेस्ट्रेवर ५८८ माणसं होती आणि पापेवर ९०. हो, नव्वद. आपल्याकडे एका मध्यम सोसायटीत याहून जास्त लोक राहतात आणि तरी त्या बेटाला स्वतःचा विमानतळ आहे, नियमित फ्लाइट आहे, टाइमटेबल आहे. का आहे ते पुढे सविस्तर लिहिलंय, कारण खरा विषय तोच आहे.

दोन विमानतळांमधलं अंतर किती?

१.७ मैल, म्हणजे साधारण २.७ किलोमीटर. विमानवाले नॉटिकल मैलात मोजतात, एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, त्या हिशोबाने दीड नॉटिकल मैल. एडिनबरा विमानतळाची धावपट्टीच जवळपास एवढी लांब आहे. आणि आपल्या मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळपास साडेतीन किलोमीटरची, म्हणजे हा अख्खा प्रवास, टेकऑफपासून लँडिंगपर्यंत, मुंबईच्या एका धावपट्टीच्या लांबीत मावतो आणि वर जागा उरते.

मग कुठे २.७ लिहिलेलं असतं, कुठे २.८, आणि मी स्वतः अक्षांश-रेखांशावरून काढलं तर साडेपाच आलं. बरोबर काय?

२.७ आणि २.८ दोन्ही बरोबर समजा. विमानतळ हा काही ठिपका नसतो ना, कोणी धावपट्टीचा मध्य धरतं, कोणी दुसरा बिंदू, त्यामुळे शंभर मीटर इकडेतिकडे होतात. एरवी मुंबई-दिल्ली मोजताना शंभर मीटरने कोणाला फरक पडत नाही, इथे मात्र तो लगेच डोळ्यात भरतो.

साडेपाच मात्र चूक आहे, आणि ही चूक खूप जण करतात म्हणून नीट सांगतो. दोन्ही विमानतळ जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, ५९ अंश २१ मिनिटं उत्तर. फरक आहे तो रेखांशात, एक साधारण २ अंश ५७ मिनिटं पश्चिम आणि दुसरा २ अंश ५४ मिनिटं पश्चिम. म्हणजे तीन मिनिटांचा फरक, अंशात सांगायचं तर ०.०५. आता शाळेत आपल्याला पाठ असतं की एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, मग ०.०५ गुणिले १११ केलं की आले साडेपाच किलोमीटर. पण ते १११ रेखांशाच्या बाबतीत फक्त विषुववृत्तावर खरं असतं. उत्तरेकडे जाल तसे रेखांश एकमेकांच्या जवळ येत जातात आणि ध्रुवावर सगळे एकत्र मिळतात. ५९ अंशावर एक रेखांश म्हणजे फक्त ५७ किलोमीटरच्या आसपास उरतो, कारण १११ ला त्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावं लागतं आणि तो कोसाइन जवळजवळ ०.५१ आहे. ०.०५ गुणिले ५७ केलं की पावणेतीनच्या आसपास उत्तर येतं, झालं काम. मुंबई १९ अंशावर असल्यामुळे आपल्याकडे हा फरक पाचेक टक्क्यांचाच असतो म्हणून जाणवत नाही, पण ऑर्कनीत सरळ अर्धंच अंतर होतं.

उड्डाणाला वेळ किती लागतो?

टाइमटेबलमध्ये दोन मिनिटं धरलेली असतात. प्रत्यक्षात बरेचदा दीड मिनिटाच्या आत विमान खाली टेकतं. आणि रेकॉर्ड आहे ५३ सेकंदांचं, ते स्टुअर्ट लिंकलेटर या पायलटच्या नावावर आहे. या माणसाने हा मार्ग बारा हजारांपेक्षा जास्त वेळा उडवलाय आणि २०१३ मध्ये ते निवृत्त झाले. जगातली सगळ्यात छोटी नियमित प्रवासी विमानसेवा म्हणून गिनीज बुकात याच मार्गाची नोंद आहे.

५३ सेकंद म्हटल्यावर लोकांना वाटतं विमान गोळीसारखं सुटलं असणार, पण हिशोब करून बघा, २.७ किलोमीटर ५३ सेकंदात म्हणजे ताशी सरासरी १८३ किलोमीटर. वंदे भारतची डिझाइन स्पीड सुद्धा ताशी १८० आहे. विमानासाठी हा काही फार मोठा वेग नाही, उलट छोट्या पंख्याच्या विमानाचा अगदी नेहमीचा वेग आहे. रेकॉर्ड झालं ते वारा पाठीशी होता आणि हवा, धावपट्टीची दिशा, दुसरं विमान मध्ये नसणं हे सगळं एकाच वेळी जुळून आलं म्हणून.

ही वेळ मोजतात कुठून कुठपर्यंत?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात पण विचारायला हवा. चाकं जमिनीवरून उचलली तिथून परत टेकली तिथपर्यंत, तो खरा हवेतला वेळ. विमान जागेवरून हललं तिथपासून दुसरीकडे जाऊन थांबलं तिथपर्यंतचा वेळ वेगळा, तो थोडा जास्तच असणार. आपल्या तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती नेहमी दुसऱ्या प्रकारची असते. मुंबई-पुणे किंवा मुंबई-गोवा फ्लाइटचा वेळ एवढा जास्त का लिहितात असं वाटतं ना, त्याचं कारण हेच, त्यात टॅक्सीवेवरची, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या वाटेवरची रांग, इंजिन सुरू करणं, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं सगळं धरलेलं असतं.

मग अंतर-वेळ सांगणाऱ्या साइटवर या मार्गाला अर्धा तास का दाखवतात?

कारण त्या साइट सगळ्या मार्गांना एकच फॉर्म्युला लावतात. दोन बिंदूंमधलं सरळ अंतर घ्यायचं, जेट विमानाच्या वेगाने भागायचं, समजा ताशी ८०० किलोमीटर, आणि वर चढणं-उतरणं-टॅक्सी यासाठी अर्धा तास सरसकट मिळवायचा. हजार किलोमीटरसाठी हे उत्तर ठीकठाक येतं. पण इथे २.७ ला ८०० ने भागलं की येतात १२ सेकंद, आणि त्यात अर्धा तास मिळवला की साइट सांगते "३० मिनिटं". १२ सेकंदही खोटे आणि ३० मिनिटंही खोटी. तिथे जेट उडत नाही, उडूच शकत नाही, आणि अर्धा तास टॅक्सी करायला तेवढा मोठा विमानतळ पण नाही.

माझं स्पष्ट मत आहे की शंभर किलोमीटरच्या आतल्या कुठल्याही मार्गासाठी असले कॅल्क्युलेटर वापरूच नयेत. सरळ एअरलाइनचं टाइमटेबल बघा, त्या टाइमटेबलमध्ये त्या ठिकाणचा वारा, तिथलं विमान आणि तिथल्या लोकांचा अनुभव आधीच धरलेला असतो.

वाऱ्याने एवढ्याशा अंतरात काय असा फरक पडणार?

भरपूर पडतो. धरून चाला की विमान हवेत ताशी १८० किलोमीटरने चाललंय. समोरून ३० नॉटचा वारा आला, म्हणजे ताशी ५५ किलोमीटर (ऑर्कनीत असा वारा म्हणजे काही वादळ नाही, नेहमीचीच गोष्ट), तर जमिनीच्या हिशोबाने विमान १२५ ने पुढे सरकतं आणि २.७ किलोमीटरला ७८ सेकंद लागतात. तोच वारा पाठीमागून आला तर वेग २३५ होतो आणि ४१ सेकंद पुरतात. म्हणजे जवळपास दुप्पट फरक.

पण यात एक मेख आहे. विमानं टेकऑफ आणि लँडिंग शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर करतात, कारण त्यामुळे कमी धावपट्टी पुरते. मग वारा पाठीशी पाहिजे म्हणून तसंच सरळ जाऊन उतरता येईलच असं नाही, कधी विमानाला वळसा घेऊन उलट्या बाजूने उतरावं लागतं आणि त्या वळशातच सरळ अंतराइतका रस्ता जातो. म्हणून कधी ५३ सेकंद, कधी दोन मिनिटं.

२.७ किलोमीटरसाठी विमान कशाला? बोट नाही का? पूल बांधायचा ना!

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि बहुतेक वेळा हसत हसत विचारला जाणारा. म्हणून याला जरा वेळ देतो.

बोट आहे. वेस्ट्रेवरच्या पिएरोवॉल गावातून पापेला फक्त माणसं नेणारी छोटी बोट जाते, तिला साधारण २५ मिनिटं लागतात. लोक ती वापरतातही. पण मध्ये जी खाडीसारखी पाण्याची पट्टी आहे तिथे भरती-ओहोटीचे जोरदार प्रवाह असतात आणि एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला नॉर्थ सी, त्यामुळे हिवाळ्यात समुद्र कधी खवळेल याचा भरवसा नसतो. कोकणात पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद होतात तेव्हा अलिबागकरांना जसं रस्त्याने फिरून जावं लागतं तशी इथे फिरून जायची सोयच नाही, कारण रस्ताच नाही. पूल म्हणाल तर नव्वद माणसांसाठी जोरदार प्रवाहावर पूल बांधणं आणि तो अटलांटिकच्या वाऱ्यात टिकवणं याचा खर्च कोण करणार.

आणि मुख्य म्हणजे विमान "वेस्ट्रे ते पापे" एवढ्यासाठी उडवतच नाहीत हो! हे नीट समजून घ्या, इथेच सगळ्यांची गल्लत होते. विमान कर्कवॉलहून निघतं, ४४ किलोमीटर उत्तरेला वेस्ट्रेला पंधराएक मिनिटांत पोचतं, तिथे काही लोक उतरतात, काही चढतात, मग दोन मिनिटांत पापे, आणि तिथून परत कर्कवॉल. कधी आधी पापे आणि मग वेस्ट्रे. म्हणजे हा गोल फेरीतला एक थांबा आहे. आपली एसटी कशी तालुक्याहून निघून वाटेत वाडीवाडीवर थांबत जाते आणि त्यातल्या दोन वाड्या अगदी जवळजवळ असतात, तसंच. त्या दोन वाड्यांमधला टप्पा फक्त जगप्रसिद्ध झाला. मला या मार्गाबद्दल एवढी आपुलकी वाटते ती रेकॉर्डमुळे नाही, तर नव्वद लोकांचं बेट आहे म्हणून त्यांना वाऱ्यावर सोडायचं नाही असं कोणीतरी ठरवलं आणि पन्नासपेक्षा जास्त वर्षं ते निभावलं यामुळे.

पण रोज जाणारे-येणारे असतात तरी कोण?

शिक्षक, डॉक्टर, नर्स, कर्कवॉलला दवाखान्यात जाणारे पेशंट, बँकेचे लोक, वीज-फोन दुरुस्त करणारे, शाळेची मुलं. मोठी मुलं कर्कवॉलच्या शाळेत शिकतात, तिथल्या वसतिगृहात राहतात आणि घरी येताना विमानानेच येतात. आपल्याकडच्या मुलांसाठी विमानात बसणं हा सोहळा असतो, तिकडे तो दप्तर घेऊन घरी यायचा मार्ग. उन्हाळ्यात यात पुरातत्त्वाचे विद्यार्थी, पक्षी बघणारे आणि फक्त सर्टिफिकेटसाठी आलेले आमच्यासारखे विमानवेडे मिसळतात.

सर्टिफिकेट? म्हणजे खरंच मिळतं?

हो, जगातल्या सगळ्यात छोट्या फ्लाइटने प्रवास केला म्हणून प्रवाशांना प्रमाणपत्र दिलं जातं. मागून घ्या, लाजू नका.

एअरलाइन कोणती आणि हे कधीपासून चालू आहे?

लोगनएअर. ही स्कॉटलंडची कंपनी १९६२ मध्ये सुरू झाली, आधी एका बांधकाम कंपनीची हवाई शाखा होती, नावातला लोगन तिथलाच. ऑर्कनीच्या बेटांमधली सेवा त्यांनी १९६७ मध्ये सुरू केली आणि हा मार्ग तेव्हापासून चालू आहे. मधल्या काळात कंपनीची मोठी विमानं ब्रिटिश एअरवेज आणि नंतर फ्लायबीच्या रंगात उडायची, २०१७ पासून परत स्वतःच्या नावाने उडतात.

पण ऑर्कनीत विमानं त्याच्याही बरीच आधी आली. कॅप्टन फ्रेसन नावाच्या पायलटने १९३३ मध्ये इनव्हरनेसहून कर्कवॉलला नियमित सेवा सुरू केली आणि पुढच्याच वर्षी, १९३४ ला, टपाल नेण्याचं काम मिळवलं. छोट्या बेटांवरचे शेतकरी आपल्या कुरणात उतरायला जागा द्यायचे. नंतर महायुद्ध आलं, सगळं बदललं, मग ६७ साली लोगनएअरने बेटं परत जोडली.

विमान कोणतं असतं?

ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. नावातच बेट आहे आणि कामही तेच. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट बेटावर बेंब्रिजला हे बनलं, पहिलं उड्डाण जून १९६५ मध्ये. दोन पंख्याची इंजिनं, पंख वरच्या बाजूला, चाकं कायम बाहेर, आत न घेता येणारी. चाकं आत घ्यायची यंत्रणाच नसल्यामुळे बिघडायलाही कमी आणि वजनही कमी. आणि खरं सांगायचं तर एका मिनिटाच्या प्रवासात चाकं आत घेऊन परत बाहेर काढायला वेळ तरी कुठे आहे.

आत मधला पॅसेज नाही. दोन्ही बाजूंना दरवाजे आहेत आणि जीपमध्ये चढतात तसं थेट आपापल्या सीटवर चढायचं. पायलट एकच, प्रवासी आठच्या आसपास. हवाईसुंदरी नाही, टॉयलेट नाही, चहा नाही, सेफ्टीच्या सूचना पायलटच मागे वळून देतो. छोट्या धावपट्टीवरून पटकन उचलणं हेच या विमानाचं खरं कौतुक. आपल्या भारतीय नौदलानेही आयलंडर विमानं बरीच वर्षं वापरली आहेत, त्यामुळे कोचीला किंवा पोर्ट ब्लेअरला जुनी मंडळी हे विमान लगेच ओळखतील.

पायलटच्या शेजारी बसायला मिळतं का?

मिळू शकतं, कारण सहवैमानिक नसतो आणि ती पुढची सीट प्रवाशालाच देतात. पण तुमच्या मर्जीने नाही. एवढ्या छोट्या विमानात वजनाचा तोल फार महत्त्वाचा, त्यामुळे कोण कुठे बसणार ते स्टाफ ठरवतात आणि तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही. तुमची बॅग पण हलकी ठेवा, एअरलाइनचे वजनाचे नियम मोठ्या विमानापेक्षा कडक आहेत.

धावपट्टी केवढी असते?

दोन्हीकडे मुख्य धावपट्टी पाचशे मीटरच्या थोडी वर, खडी दाबून केलेली, आणि आडव्या दिशांना गवताच्या छोट्या पट्ट्या. वाऱ्याची दिशा बदलली की दुसरी पट्टी वापरायला मिळावी म्हणून. टर्मिनल म्हणजे एक छोटी खोली समजा. विमान येण्याआधी बेटावरचेच लोक अग्निशमनाची गाडी घेऊन उभे राहतात, म्हणजे जो माणूस सकाळी शेतावर काम करत होता तोच दुपारी विमानतळाचा फायरमन. दोन्ही विमानतळ ऑर्कनीची स्थानिक परिषद चालवते. कोड हवे असतील तर वेस्ट्रे डब्ल्यूआरवाय, पापा वेस्ट्रे पीपीडब्ल्यू आणि कर्कवॉल केओआय.

जाता जाता, याच समूहात इडे नावाच्या बेटाच्या विमानतळाला लंडन एअरपोर्ट म्हणतात, शेजारच्या लंडन नावाच्या उपसागरावरून. तिकीट बुक करताना हे लंडन आणि ते लंडन यात गोंधळ नको.

तिकीट महाग असतं का? पैसे कोण भरतं?

अंतराच्या मानाने महाग, पण बेटावर विमान उडवायचा जो खरा खर्च आहे त्या मानाने स्वस्त. कारण ही सेवा सार्वजनिक सेवा म्हणून करारावर चालवली जाते आणि ऑर्कनी परिषद त्याला पैसे देते. नुसत्या तिकिटांच्या जिवावर आठ सीटचं विमान चालूच शकत नाही. आपल्याकडच्या उडान योजनेत सरकार जसं सीटमागे तूट भरून देतं, विचार तसाच, फक्त इथे तो बेटांसाठी आणि कितीतरी आधीपासून. भाडं वेळोवेळी बदलतं, लोगनएअरच्या साइटवर बघा आणि बेटावर मुक्काम करणार असाल तर मुक्कामाच्या सवलतीची चौकशी जरूर करा.

फक्त हा एकच टप्पा उडायला मिळतो का आणि एका दिवसात जाऊन परत येता येतं का?

मिळतो. पण टाइमटेबल नीट बघा कारण फेरीची दिशा दिवसागणिक बदलते, वीकेंडला तर काही दिवशी हा टप्पा एकाच बाजूने असतो, म्हणजे वेस्ट्रेहून पापेला मिळेल पण उलट नाही, किंवा उलटं. लोक काय करतात, कर्कवॉलहून वेस्ट्रेला फेरीबोटीने जातात (दीड तासाच्या आसपास), तिथे फिरतात, मग दोन मिनिटांचं विमान पकडून पापे आणि परतीला विमानाने कर्कवॉल. सीटा आठच आहेत आणि स्थानिक लोकांनाही त्याच लागतात, त्यामुळे उन्हाळ्यात आधी बुकिंग केल्याशिवाय जाऊ नका. माझं ऐकाल तर त्याच दिवशी परत फिरूच नका, एक रात्र तरी राहा. दवाखान्यात जाणाऱ्या माणसाची सीट आपण हौसेसाठी अडवतोय असं नको आणि ज्या बेटाने आपल्याला बोलावलं त्याच्या दुकानात, गेस्टहाउसमध्ये चार पैसे जाऊ देत.

महाराष्ट्रातून जायचं तर कसं जायचं?

आधी यूकेचा व्हिजिटर व्हिसा. मग मुंबईहून लंडन किंवा दुसऱ्या कुठल्या हबवरून एडिनबरा, ग्लासगो, अॅबरडीन किंवा इनव्हरनेस, तिथून लोगनएअरने कर्कवॉल. रमतगमत जायचं असेल तर ट्रेनने पार उत्तरेला थर्सोपर्यंत जा, तिथे जवळच स्क्रॅबस्टर बंदर आहे, तिथून दीड तासात मोठी फेरीबोट ऑर्कनीच्या स्ट्रॉमनेसला सोडते. अॅबरडीनहूनही बोट आहे. परतीच्या आंतरराष्ट्रीय फ्लाइटच्या आधी किमान एक पूर्ण दिवस रिकामा ठेवा, याचं कारण पुढच्या प्रश्नात.

फ्लाइट रद्द होतात का?

होतात. दाट धुकं हे मुख्य कारण, तिकडे समुद्रावरून अचानक धुकं चढतं आणि समोरचं बेट दिसेनासं होतं. दुसरं कारण आडवा वारा. दोन मिनिटांचा प्रवास असला तरी पायलट नाही म्हणाला की नाही, त्यात वाद नसतो. मे ते जुलै चांगला काळ, जूनमध्ये १८ तास उजेड असतो आणि रात्रीही पूर्ण काळोख होत नाही, डिसेंबरमध्ये दिवस जेमतेम सहा तासांचा.

तिथे बघण्यासारखं काही आहे की फक्त विमानच?

पापेवर नॅप ऑफ हॉवर आहे. समुद्राकाठची दगडी घरं, इसवीसनापूर्वी ३७०० च्या सुमाराची, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडच्याही हजारएक वर्षं आधीची. भिंती उभ्या आहेत, दार आहे, दगडी कप्पे आहेत, आत वाकून जाता येतं. उत्तर युरोपात उभी असलेली सगळ्यात जुनी दगडी घरं म्हणून यांचं नाव घेतात. पाच हजार वर्षांपेक्षा जुन्या घरात उभं राहायला मिळणं हे मला तरी दोन मिनिटांच्या फ्लाइटपेक्षा मोठं वाटतं.

बेटाच्या उत्तरेला पक्ष्यांचं राखीव क्षेत्र आहे, आर्क्टिक टर्न तिथे घरटी करतात आणि जवळ गेलात तर डोक्यावर चोच मारतात, काठी वर धरून चाला. याच बेटावर १८१३ मध्ये ग्रेट ऑक पक्षी मारला गेला, ब्रिटनमधल्या शेवटच्या काही ऑकपैकी एक. आता ती जातच जगातून गेली.

वेस्ट्रेवर नोल्टलँडचा किल्ला आहे, उन्हाळ्यात पफिन पक्षी आहेत, आणि तिथल्या हेरिटेज सेंटरमध्ये वेस्ट्रे वाइफ म्हणून ओळखली जाणारी चार सेंटिमीटरची इवलीशी दगडी मूर्ती आहे. ती २००९ मध्ये उत्खननात सापडली, साधारण पाच हजार वर्षांपूर्वीची, स्कॉटलंडमध्ये सापडलेली माणसाची सगळ्यात जुनी आकृती.

एवढ्या छोट्या फ्लाइटने प्रदूषण नाही का होत?

होतं की. पण सगळ्या छोट्या फ्लाइटना एकाच मापाने मोजू नका. २०१६ मध्ये स्वित्झर्लंड आणि जर्मनीच्या मध्ये कॉन्स्टन्स तलावावरून वीसेक किलोमीटरची जेट फ्लाइट सुरू झाली होती, हवेत आठ मिनिटं. तिथे तलावाला वळसा घालून चांगले रस्ते आहेत, ट्रेन आहे, बोट आहे, त्यामुळे लोकांनी टीका केली ती योग्यच होती आणि ती फ्लाइट लवकरच बंद पडली. पापेला मात्र पर्यायच मोजके आहेत.

उलट असल्या मार्गांमुळेच नव्या तंत्रज्ञानाला फायदा होतोय. बॅटरीवर विमान उडवण्यातली मोठी अडचण म्हणजे बॅटरीचं वजन आणि कमी पल्ला, पण जिथे पल्लाच एवढा छोटा तिथे ती अडचण बरीच हलकी होते. म्हणून कर्कवॉल विमानतळ अशा प्रयोगांचं केंद्र झालंय, २०२१ मध्ये तिथून समोरच्या किनाऱ्यावरच्या विक नावाच्या गावापर्यंत विजेवर-पेट्रोलवर चालणाऱ्या हायब्रिड विमानाची चाचणी झाली. आयलंडर विमानालाच नवं इंजिन बसवायच्या प्रकल्पाला तर त्या जुन्या कॅप्टन फ्रेसनचंच नाव दिलंय.

जगात आणखी कुठे जवळजवळच्या बेटांमध्ये अशी विमानं आहेत?

जपानच्या ओकिनावामध्ये मिनामी दाइतो आणि किता दाइतो ही दोन बेटं, मध्ये १३ किलोमीटर, तिथे चांगली मोठी पंख्याची विमानं जायची. आयर्लंडच्या किनाऱ्यावरून अॅरन बेटांवर जायला आठ-दहा मिनिटं, तिथेही आयलंडरच. जर्मनीत हार्ले ते वांगेरोगे बेट पाचेक मिनिटं. कॅरिबियनमध्ये सिंट मार्टेनहून साबा बेटावर पंधरा मिनिटांच्या आत पोचतात आणि तिथली धावपट्टी फक्त ४०० मीटरची, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. हे सगळे मार्ग वेस्ट्रे-पापेच्या कितीतरी पट लांब आहेत, पण गरज तीच.

आपल्याकडे असं का नाही? लक्षद्वीप आणि अंदमान आहेत ना?

लक्षद्वीपमध्ये सगळ्या बेटांत मिळून विमानतळ एकच, अगत्ती. तिथून कवरत्तीला जायचं तर हेलिकॉप्टर किंवा बोट. अंदमानात पोर्ट ब्लेअरहून दुसऱ्या बेटांवर पवनहंसची हेलिकॉप्टर जातात, आणि २०१० मध्ये पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची जलहंस सेवा सुरू केली होती पण ती टिकली नाही. आठ सीटचं विमान, खडीची पाचशे मीटरची पट्टी, स्थानिक फायरमन आणि तूट भरून देणारी स्थानिक संस्था, या चारही गोष्टी एकत्र असल्या तरच हे चालतं. नुसतं विमान आणून ठेवलं की दोन वर्षांत बंद पडतं. अंदमानातल्या दूरच्या बेटावर आजारी पडलेल्या माणसाला पोर्ट ब्लेअर गाठायला काय त्रास पडतो हे तिथे नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. आपल्याकडे हे व्हायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

क्विझमध्ये किंवा स्पर्धा परीक्षेत विचारलं तर उत्तर काय लिहायचं?

मार्ग वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, ऑर्कनी, स्कॉटलंड. अंतर १.७ मैल किंवा २.७ किलोमीटर. नियोजित वेळ दोन मिनिटं, रेकॉर्ड ५३ सेकंद. कंपनी लोगनएअर, विमान ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, सुरुवात १९६७. व्हॉट्सअॅपवर ४७ सेकंद वगैरे आकडे फिरतात ते लिहू नका.

व्हिडिओ काढायचा आहे, कुठल्या बाजूला बसू?

बाजू तुमच्या हातात नाही हे वर सांगितलंच. पण पंख वर असल्यामुळे जवळपास प्रत्येक खिडकीतून खालचं दिसतं, हा आयलंडरचा मोठा फायदा. मोबाइल विमान हलायच्या आधीच चालू करून ठेवा, टेकऑफनंतर कॅमेरा शोधत बसलात तर समोर दुसरी धावपट्टी आलेली असेल. आणि वेस्ट्रेहून निघताना खाली बघा, पाणी उथळ आहे तिथे वाळू पांढरी दिसते आणि समुद्र चक्क हिरवा.